लोकल बंद पडते त्या दिवशी: कर्मचाऱ्यांच्या ये-जा करण्याची व्यवस्था कार्यालयाने कशी लावावी

मुंबई महानगरात रोज ७० लाखांहून अधिक लोक उपनगरी रेल्वेने प्रवास करतात. गर्दीच्या वेळची १२ डब्यांची एक लोकल काही हजार माणसे घेऊन जाते आणि एका बसमध्ये बसून साधारण ४० माणसे जातात. त्यामुळे लोकल थांबली की तिची जागा रस्त्यावरची कोणतीही व्यवस्था घेऊ शकत नाही, हे व्यवस्थापनाने आधीच मान्य केलेले बरे. ते मान्य केले की कामाचे स्वरूप स्पष्ट होते. त्या दिवशी कोणाची हजेरी खरोखर अटळ आहे हे ठरवायचे, त्यांच्या मार्गातला तुटलेला टप्पा जोडून द्यायचा आणि जे आले आहेत त्या प्रत्येकाला सुखरूप घरी पोहोचवायचे. यातले शेवटचे काम सर्वांत अवघड असते, आणि बहुतेक कार्यालयांत त्याचाच विचार सर्वांत कमी झालेला असतो.

पुढील सूचना पन्नास ते पाचशे माणसांच्या कार्यालयातील प्रशासन किंवा मनुष्यबळ विभाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. छोट्या आस्थापनेला त्यातले निम्मे केले तरी चालेल, मात्र ते पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यातच करावे.

पत्त्यांची नव्हे, स्थानकांची यादी

कार्यालयाच्या नोंदीत प्रत्येकाचा घरचा पत्ता असतो, पण खोळंब्याच्या दिवशी त्याचा उपयोग फार थोडा होतो. हवी असते ती स्थानकनिहाय यादी: कर्मचारी कोणत्या स्थानकावर चढतो, कुठे बदलतो, कुठे उतरतो, घरातून किती वाजता निघतो, आणि स्थानकापर्यंत कशाने येतो. शेवटचा प्रश्न वगळू नये. मुरबाडला रेल्वे नाही. तिथला माणूस एसटीने किंवा वडापच्या गाडीने कल्याणला येतो आणि मग लोकल धरतो. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा लोकल वेळेवर धावत असूनही अशा लोकांची वाट अडली होती. कागदावर ते ‘कल्याणचे’ होते, म्हणून त्यांची अडचण अनेक कार्यालयांच्या लक्षातही आली नाही.

यादीत दोन रकाने आणखी असावेत. पहिला पर्यायी मार्गाचा आणि दुसरा घरच्या परिस्थितीचा, म्हणजे घरी तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेले कोणी, स्वतःचे आजारपण किंवा गरोदरपण असे काही आहे का. हा दुसरा रकाना ऐच्छिक ठेवावा, तो एकाच अधिकाऱ्याकडे असावा आणि सामाईक फाईलमध्ये कधीही टाकू नये. दिव्यांग कर्मचाऱ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे. लोकलमध्ये त्यांना राखीव डबा असतो. शेअर रिक्षात किंवा उभ्याने भरलेल्या बसमध्ये तशी सोय नसते, त्यामुळे ‘बाकीचे आले, मग यांना काय झाले’ हा प्रश्न त्यांच्या बाबतीत विचारूच नये.

यादीत कंत्राटी माणसे असलीच पाहिजेत. सुरक्षारक्षक, हाऊसकीपिंग, कॅन्टीनचे कामगार आणि कार्यालयीन शिपाई बहुधा सर्वांत लांब राहतात, सर्वांत लवकर निघतात आणि त्यांचे काम घरून होत नाही. ते कंत्राटदाराच्या पटावर आहेत म्हणून त्यांना आपल्या यादीबाहेर ठेवणे म्हणजे ज्यांना मदतीची गरज सर्वांत जास्त आहे त्यांनाच वाऱ्यावर सोडणे होय.

सूचना किती तासांची मिळते यावर सारे अवलंबून

खोळंबे सगळे सारखे नसतात. रविवारचा मेगाब्लॉक आधी जाहीर होतो, तो साधारण सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारी संपतो, आणि त्यासाठी वेळापत्रक थोडे पुढेमागे केले की भागते. मोठ्या ब्लॉकची सूचनाही काही दिवस आधी मिळते. ३१ मे ते २ जून २०२४ या काळात मध्य रेल्वेने ठाण्यात फलाट ५ व ६ च्या रुंदीकरणासाठी ६३ तासांचा आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २४ डब्यांच्या गाड्यांसाठी फलाट १० व ११ लांबवण्याकरिता ३६ तासांचा ब्लॉक घेतला. त्यात ९३० लोकल फेऱ्या रद्द झाल्या, आणि शक्य तिथे कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावे असे आवाहन रेल्वेने आस्थापनांना आधीच केले होते. असे आवाहन आले की त्याच दिवशी निर्णय जाहीर करावा, शुक्रवारी सकाळी काय होते ते पाहू म्हणत थांबू नये.

संपाची नोटीस बहुतेक वेळा काही दिवस आधी लागलेली असते, पण तो किती लांबेल ते कोणालाच सांगता येत नाही. जानेवारी २०१९ मधील बेस्टचा संप ९ दिवस चालला. म्हणून संपासाठीची व्यवस्था पहिल्या दिवसापासूनच आठवडाभर पेलवेल अशी आखावी. पहिल्या दिवशी सर्वांना टॅक्सी आणि चौथ्या दिवशी कोणालाच काही नाही, असे झाले की नाराजीच पदरी पडते.

पावसाचे गणित वेगळे आहे. हवामान खात्याच्या वर्गवारीत २४ तासांत ११५.६ ते २०४.४ मिलिमीटर पाऊस म्हणजे ‘अति जोरदार’ आणि त्यापुढचा ‘अत्यंत जोरदार’. रंगाच्या इशाऱ्यासोबत भरतीचे वेळापत्रकही पाहावे, कारण समुद्राला मोठी भरती असताना पावसाचे पाणी नाल्यांतून बाहेर पडू शकत नाही आणि ते रस्त्यांवर व रुळांवर साचते. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच लाटांची भरती कोणत्या दिवशी आहे याची यादी महापालिका दर वर्षी जाहीर करते. ती छापून सूचना फलकावर लावावी आणि त्या तारखांना महत्त्वाच्या बैठका, मुलाखती, लेखापरीक्षण असे काहीही ठेवू नये. एवढ्या साध्या गोष्टीने अर्धा त्रास टळतो.

उरतो तो अचानक झालेला बिघाड: ओव्हरहेड वायर तुटणे, पेंटोग्राफ (गाडीच्या छतावरचा, वायरमधून वीज घेणारा सांगाडा) अडकणे, सिग्नल यंत्रणा बंद पडणे. याची पूर्वसूचना मिळत नाही. असा बिघाड बहुधा काही तासांत दुरुस्त होतो, म्हणून अडकलेल्याला ‘आहात तिथेच सुरक्षित थांबा, उशीर धरला जाणार नाही’ एवढा निरोप पुरेसा असतो. तो निरोप मिळाला नाही तर माणूस रुळांवर उतरून चालू लागतो, आणि ते जिवावर बेतू शकते.

कोणी यायचे हे आधीच लिहून ठेवावे

ज्यांच्यावाचून त्या दिवशी काम खरोखर अडेल, अशांची यादी (तिला ‘अ’ यादी म्हणू) विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावी. प्रत्येक विभागप्रमुखाला आपला सगळा विभाग अत्यावश्यक वाटतो, त्यामुळे प्रत्येक नावापुढे ‘ही व्यक्ती एक दिवस आली नाही तर नेमके काय थांबेल’ हे एका वाक्यात लिहायला सांगावे. वाक्य लिहिता आले नाही तर नाव वगळावे. उरलेल्यांत ज्यांचे काम घरून होते त्यांनी घरून करावे, आणि ज्यांचे होत नाही त्यांची हजेरी भरपगारी धरावी. ही तिसरी ओळ नसेल तर धोरण फक्त लॅपटॉपवाल्यांपुरतेच उरते.

पाळ्या असलेल्या ठिकाणी आधीच्या पाळीचा माणूस रिलीव्हर येईपर्यंत सुटत नाही. रुग्णालये, प्रयोगशाळा, सर्व्हर रूम, शीतगृहे यांनी म्हणून जवळ राहणाऱ्यांची राखीव फळी तयार ठेवावी. चालत किंवा एका रिक्षाने येऊ शकतील अशांना आधी विचारून, त्याचा मोबदला ठरवून, त्यांची नावे नोंदवावीत. दर वेळी त्याच दोघातिघांवर भार पडणार नाही हेही पाहावे.

वेळा बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. ब्लॉकच्या दिवसांत फेऱ्या कमी होतात आणि असलेल्या गाड्यांत गर्दी कोंबली जाते. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलच्या दारातून पडून प्रवाशांचे जीव गेले. साडेनऊची हजेरी गाठायची म्हणून कोणी दाराला लोंबकळत असेल, तर ती वेळ बदलणे कार्यालयाच्या हातात असते. सकाळी सात ते अकरा या दरम्यान केव्हाही या आणि ठरलेले तास भरून निघा, एवढी मुभा दिली तरी पुष्कळ फरक पडतो.

तुटला आहे तेवढाच टप्पा जोडावा

बस ठरवताना डोंबिवली ते फोर्ट असा पूर्ण मार्ग बसने काढण्याचा मोह होतो. तसे करू नये. लोकल बंद असलेल्या दिवशी द्रुतगती महामार्ग तुंबलेले असतात आणि ती बस दुपारी पोहोचते. गाड्या कुठपर्यंत चालू आहेत ते पाहून फक्त उरलेला तुकडा जोडावा. २०२४ च्या त्या ब्लॉकमध्ये मुख्य मार्गाच्या गाड्या भायखळ्यापर्यंत आणि हार्बरच्या गाड्या वडाळ्यापर्यंत येत होत्या; फोर्टमधल्या कार्यालयाने भायखळा आणि वडाळा येथून लहान गाड्यांच्या फेऱ्या ठेवल्या असत्या तरी काम भागले असते. एक १७ आसनी गाडी अशा छोट्या टप्प्यावर सकाळभरात अनेक फेऱ्या करते, तीच लांबच्या मार्गावर एकच फेरी करते.

बस ठरवण्याआधी पर्यायी रेल्वे व मेट्रो मार्गही पाहावेत. कुर्ला आणि शीव यांच्यामध्ये पाणी भरले तर कल्याण-ठाण्याकडून येणाऱ्याला घाटकोपरला उतरून मेट्रोने अंधेरी गाठून पश्चिम रेल्वे, किंवा वाटेत मरोळ नाक्याला उतरून मेट्रो ३ धरता येते. ठाणे ते घाटकोपर बंद असेल तर ट्रान्स-हार्बरने वाशी आणि तिथून हार्बरने पुढे, पण हार्बर मार्गही कुर्ला-चुनाभट्टीच्या त्याच सखल भागातून जातो, तेव्हा मुख्य मार्ग पाण्यामुळे बंद असेल तर हा पर्याय गृहीत धरू नये. पश्चिमेला वसई-नालासोपारा या भागात पाणी साचले की विरारकडच्यांना धड पर्यायच उरत नाही. त्यांना सरळ घरी राहू द्यावे. उलवे-पनवेलकडून दक्षिण मुंबईत यायला अटल सेतू आहे, आणि त्या भागात पाच-सहा कर्मचारी असतील तर एक गाडी परवडते.

ब्लॉकच्या वेळी हार्बरच्या पासधारकांना मुख्य किंवा पश्चिम मार्गाने जाण्याची मुभा रेल्वे अनेकदा जाहीर करते. ती जाहीर झाली आहे का हे सकाळी एकाने पाहून सर्वांना कळवावे. मध्य रेल्वेच्या ‘यात्री’ ॲपवर गाड्यांची स्थिती आणि ‘चलो’ ॲपवर बेस्टच्या बस दिसतात.

गाडी आणि पैसे

भाड्याची गाडी घेताना पिवळ्या पाटीचीच घ्यावी आणि परवाना, विमा, योग्यता प्रमाणपत्र यांच्या प्रती मे महिन्यातच मागवून ठेवाव्यात. ऐन वेळी कागद पाहायला कोणालाच सवड नसते. कारखान्याच्या मालवाहू टेम्पोत माणसे बसवून आणण्याची पद्धत अजूनही दिसते. ती पूर्णपणे बंद करावी, कारण मालवाहू वाहनातल्या माणसांना अपघात झाल्यास विमा कंपनी हात वर करते आणि घरच्यांना वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात. कर्मचारी राज्य विमा कायद्यात २०१० साली घातलेल्या तरतुदीने घर ते कामाचे ठिकाण या प्रवासातला अपघात, नोकरीशी त्याचा संबंध प्रस्थापित होत असल्यास, कामावरचाच अपघात मानला गेला आहे. तेव्हा वाटेत जे होईल त्याच्याशी आपला संबंध नाही, असे मालकाला म्हणता येत नाही.

सहकाऱ्यांनी एकमेकांच्या गाडीने यावे यासाठी यादीवरून जोड्या लावून द्याव्यात, पण कोणाला सक्ती करू नये आणि महिलांच्या बाबतीत त्यांची संमती विचारल्याशिवाय कोणालाही पत्ता देऊ नये.

पैशांचा प्रश्न नीट सोडवला नाही तर बाकी सारे फुकट जाते. ॲपवरच्या टॅक्सीचे भाडे अशा दिवशी कितीतरी पटींनी वाढते, आणि महिन्याच्या अखेरीस हाऊसकीपिंगमधल्या बाईंच्या हातात तेवढे पैसे नसतात. ‘आधी खर्च करा, मग बिल द्या’ ही पद्धत त्यांच्यासाठी मदत ठरतच नाही. अशांना आदल्या दिवशी रोख उचल द्यावी किंवा कार्यालयाच्या खात्यावरून गाडी आरक्षित करून द्यावी. शेअर रिक्षावाला पावती देत नाही, म्हणून ठरावीक रकमेपर्यंत स्वतः लिहिलेला कागद ग्राह्य धरावा. मासिक पास काढलेला असूनही मेट्रोचे वेगळे तिकीट काढावे लागते, तेही भरून द्यावे. कंत्राटदाराला लेखी कळवावे की त्या दिवसाची मजुरी कापायची नाही आणि ती रक्कम आपण देऊ. तोंडी सांगितले तर ते कामगाराच्या हातापर्यंत पोहोचत नाही.

लेटमार्क, अर्धा दिवस, सक्तीची रजा यांतले काहीही त्या दिवशी लागू नसावे. त्याचबरोबर, जे कंबरभर पाण्यातून आले त्यांचे सर्वांसमोर कौतुक करण्याची आणि त्यांची छायाचित्रे ग्रुपवर टाकण्याची प्रथाही थांबवावी. त्यामागची भावना चांगली असते, पण पुढच्या पावसात घरी थांबायला हवे असलेला माणूस त्या कौतुकाच्या दडपणाखाली बाहेर पडतो.

घरी सोडणे

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच काळात कुलाब्यात जेमतेम ७३ मिलिमीटर पडला होता. दक्षिण मुंबईतल्या कार्यालयांच्या खिडकीतून पाहणाऱ्याला उत्तरेकडे काय चालले आहे याची कल्पनाच येणे शक्य नव्हते, आणि नेहमीच्या वेळी सुटलेली हजारो माणसे रात्रभर पाण्यातून चालत राहिली. काही जण बंद मोटारींत गुदमरून दगावले. खिडकीबाहेरचा पाऊस पाहून निर्णय घेऊ नये. कर्मचारी जिथे राहतात तिथल्या, म्हणजे अंबरनाथ, मिरा रोड, मानखुर्द येथल्या दोघातिघांना फोन करून विचारावे.

सोडायचे असेल तर लवकर सोडावे. लांबचे आधी, मग जवळचे. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असलेले सर्वांच्या आधी. दुपारी एक-दोनच्या सुमारास, गाड्या धीम्या गतीने का होईना चालू असताना निघालेला माणूस घरी पोहोचतो, पाचला सर्वांना एकदम सोडले तर ते सगळे एकाच फलाटावर अडकतात. ती वेळ हुकली आणि गाड्या थांबल्या, तर मात्र निर्णय उलटा करावा: कोणालाही बाहेर पडू देऊ नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात डॉ. दीपक अमरापूरकर गाडी सोडून पायी घराकडे निघाले आणि पाण्याखालच्या उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. साचलेल्या पाण्याखाली काय आहे हे रोजच्या वाटेवरही दिसत नाही. मोठी भरती ओसरायला साधारण सहा तास लागतात, तेवढे थांबले तर बहुतेक वेळा वाट मोकळी होते.

थांबवायचे म्हटले की त्याची तयारी हवी. पातळ गाद्या किंवा सतरंज्या, चादरी, सुके कपडे ठेवायला जागा, पिण्याचे पाणी, खाकरे-बिस्किटे यांपलीकडे डाळ-भात शिजवता येईल एवढा शिधा, चार्जर, सॅनिटरी पॅड, आणि मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांनी स्वतःचा दोन दिवसांचा औषधसाठा टेबलाच्या खणात ठेवावा असा आग्रह. महिलांसाठी आतून कडी लागणारी वेगळी खोली आणि त्या मजल्यावर महिला सुरक्षारक्षक असावी. रात्र कार्यालयात काढावी लागलेल्यांना दुसऱ्या दिवशी भरपगारी सुटी द्यावी.

रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचे असेल तर महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे त्यांची संमती लागते आणि घराच्या दारापर्यंत सोडण्याची जबाबदारी आस्थापनेची असते. दारापर्यंत म्हणजे स्थानकापर्यंत किंवा नाक्यापर्यंत नव्हे. गाडीतून शेवटी उतरणारी व्यक्ती महिला असू नये आणि प्रत्येकीचा ‘पोहोचले’ असा निरोप येईपर्यंत एका अधिकाऱ्याने जागे राहावे.

निरोप

निर्णय घेणारी व्यक्ती एकच असावी आणि तिचा बदली अधिकारीही ठरलेला असावा. कसारा-कर्जतहून सातच्या पाळीला येणारा माणूस पहाटे चारच्या सुमारास घर सोडतो. सकाळी साडेसहाला आलेला ‘आज घरून काम करा’ हा निरोप त्याला दादरच्या पुलावर मिळतो. म्हणून पहिला निरोप आदल्या रात्री नऊच्या आत, आणि दुसरा पहाटे साडेतीनला. मजकूर थोडा आणि निःसंदिग्ध असावा, उदाहरणार्थ:

‘उद्या मंगळवारी हवामान खात्याचा रेड अलर्ट आहे. “अ” यादीतील नऊ जणांखेरीज कोणीही कार्यालयात येऊ नये. घरून काम होत नाही त्यांची हजेरी पूर्ण धरली जाईल. “अ” यादीतील व्यक्तींना वाट सुरक्षित वाटली नाही तर त्यांनीही निघू नये, फक्त कळवावे. पुढचा निरोप पहाटे साडेतीनला याच ग्रुपवर येईल.’

‘परिस्थिती पाहून आपापल्या जबाबदारीवर निर्णय घ्यावा’ असे वाक्य कधीही लिहू नये. ते वाचून प्रत्येक जण साहेबाच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधत बसतो आणि शेवटी घाबरून निघतो. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांना कॉल करण्याची जबाबदारी नावानिशी वाटून द्यावी. निरोपाच्या तळाशी महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ आणि पोलिसांचा ११२ हे क्रमांक असावेत.

खोळंबा संपल्यावर त्याच आठवड्यात खर्चाचे कागद मंजूर करून पैसे द्यावेत, आणि कोण कुठे अडकले, कोणाला निरोप पोहोचला नाही, कोणती गाडी आली नाही हे विचारून यादी दुरुस्त करावी. ही विचारपूस सुरक्षारक्षक आणि सफाई कामगारांपासून सुरू करावी, कारण त्या पहाटे सर्वांत आधी तेच बाहेर पडलेले असतात.